प्रमाणित अंमळ

नळ बंद केला की पाणी थांबावं, अशी लोकांची एक जुनी समजूत आहे. या समजुतीला मान देऊन एक कारखाना गेली चाळीस वर्षं पितळी नळ बनवत होता, आणि त्या कारखान्याच्या शेवटच्या शेडमध्ये, खिडकीलगतच्या बाकावर, अंमळराव बसत होते.

अंमळराव हे काही त्यांचं कागदोपत्री नाव नव्हे. ते कामावरून पडलं. नळाच्या पोटात एक निमुळती पितळी खुंटी बसते. ती फिरवली की पाणी सुरू, उलटी फिरवली की बंद. ही खुंटी आणि ते पोट यांचं एकमेकांशी जमावं लागतं, नाहीतर पाणी दोघांच्या मधून वाट काढतं. ते जमवून देणं हे अंमळरावांचं काम. खुंटीला घासायची पेस्ट लावायची, नळात घालायची आणि मागेपुढे फिरवत राहायची. फिरवता फिरवता एका क्षणी खुंटी हात धरते. तिथं थांबायचं. आधी थांबलात तर नळ गळतो, नंतर थांबलात तरी गळतो. शिकायला आलेली माणसं विचारायची, "मास्तर, अजून किती फिरवू?" हे म्हणायचे, "अंमळ." दुसऱ्या नळाला विचारलं तरी "अंमळ." एकतीस वर्षांत त्यांनी कुणाला याहून लांब सूचना दिली नाही, आणि एकतीस वर्षांत त्यांच्या हातचा नळ पाण्याच्या टाकीत बुडवून आत हवा सोडली तर एक बुडबुडा वर आला नाही.

निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. ती याच बाकावर, याच खिडकीशी काढावीत आणि मग गुमान घरी जावं, एवढीच त्यांची जगाकडे मागणी होती. माणूस तसा साधा. खोड एकच. कुणी कौतुक केलं नाही तरी चालायचं, पण अर्धवट केलं की मिरची झोंबायची.

एके दिवशी फलकावर सूचना लागली. 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, कुशल कामगारांच्या अंगी असलेले कौशल्य ही कंपनीची मालमत्ता असून, ती निवृत्तीच्या दिवशी कामगाराबरोबर फाटकाबाहेर जात असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब, सदर कौशल्य कामगाराच्या अंगातून वेळीच काढून घेऊन सुरक्षित ठेवण्यासाठी कौशल्य जतन व हस्तांतरण प्रकल्प सुरू करण्यात येत आहे. कामगारांनी सहकार्य करावे. प्रक्रिया वेदनारहित आहे.'

कौशल्य काढून घ्यायला एक इंजिनियर मॅडम आल्या. बुद्धिमान, नम्र आणि कमालीच्या उत्साही. म्हणजे धोक्याची तिन्ही लक्षणं. त्यांनी बाकावर चार कॅमेरे लावले आणि अंमळरावांच्या उजव्या हातात तारांचा एक मोजा चढवला. बोट हललं तरी पडद्यावर रेघ उमटायची. अंमळरावांना मनातून गुदगुल्या झाल्या. घरून निघताना त्यांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता, हे इथं नमूद केलं पाहिजे.

त्यांनी खुंटी उचलली, पेस्ट लावली, फिरवली, थांबले, पुसली आणि नळ बाजूला ठेवला. मॅडमनी पडद्याकडे पाहिलं, मग अंमळरावांकडे पाहिलं.

"एवढंच?" त्या म्हणाल्या.

बाई काही वाईट हेतूने बोलल्या नव्हत्या. पण तो शब्द अंमळरावांच्या घशात काट्यासारखा अडकला तो संध्याकाळी घरी जाईपर्यंत निघाला नाही. जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं.

"एवढंच, म्हणाली?" बायकोने विचारलं.

"तोंडावर."

"मग खोटं काय बोलली? तुम्ही करता ते एवढंच आहे. मी करते तेही एवढंच आहे. पाणी गळत नाही ना, मग झालं तर."

"तुला नाही कळायचं," अंमळराव म्हणाले. नवरे हे वाक्य नेमकं तेव्हाच वापरतात, जेव्हा बायकोला सगळं कळलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी अनर्थ झाला. त्याचं कारण इतकं क्षुल्लक आहे की सांगायलाही लाज वाटते. अंमळरावांचं नाक खाजलं. उजव्या हातात मोजा, डाव्या हातात नळ. त्यांनी नळासकट मनगट नाकाशी नेलं आणि घासलं.

"थांबा!" मॅडम खुर्चीवरून उठल्या. "तुम्ही आत्ता वास घेतलात?"

या प्रश्नाला 'नाही हो, नाक खाजलं' हे सोपं, सरळ आणि मोफत उत्तर होतं. ते जिभेवर आलंही होतं. पण मॅडमच्या डोळ्यांत कालचं 'एवढंच' उरलं नव्हतं. तिथं काहीतरी चमकत होतं, आणि एकतीस वर्षांत अंमळरावांकडे बघून कुणाच्या डोळ्यांत काही चमकलं नव्हतं.

"पितळ बोलतं, मॅडम," अंमळराव हळूच म्हणाले. "नाकाशी बोलतं."

मॅडमनी ते लिहून घेतलं.

मग काय विचारता! माणूस एकदा घसरला की उतार संपेपर्यंत थांबत नाही. तिसऱ्या दिवशी अंमळरावांनी नळ कानाला लावला. पाचव्या दिवशी डोळे मिटले. आठव्या दिवशी खुंटी मांडीवर तीनदा आपटली, आणि का आपटली असं विचारल्यावर "तिला जागं करावं लागतं" असं गंभीरपणे सांगितलं. दहाव्या दिवशी काम झाल्यावर एक खोल उसासा टाकला. तो मॅडमना इतका आवडला की त्यांनी तो पुन्हा मागून घेतला. चाळीस दिवस हे चाललं. शेजारच्या बाकावरच्या फिटरने एकदा विचारलंही, "मास्तर, तब्येत बरी आहे ना?" अंमळरावांनी त्याच्याकडे कीव करून पाहिलं.

खरं काम मात्र त्यांचे हात मधल्यामध्ये, कुणाच्या लक्षात न येता, उरकून टाकत होते. त्यात बघण्यासारखं काही नव्हतंच.

घरी ही प्रगती ऐकून बायको हसून हसून बेजार झाली. "अहो, आजवर कधी खरबूजसुद्धा हुंगून आणलं नाहीत! पांढरंफटक आणता दर वेळी. आणि आता पितळ बोलायला लागलं?"

"थोडं रंगवून सांगितलं, इतकंच."

"भिंत रंगवा हो. खोटं रंगवलं की पोपडे निघतात."

एक्केचाळिसाव्या दिवशी मॅडमनी एक अडचण मांडली. सगळ्या हालचाली संगणकाच्या प्रणालीत उतरल्या होत्या, पण एक शब्द राहिला होता. चाळीस दिवसांत अंमळराव सहाशे बारा वेळा 'अंमळ' म्हणाले होते. त्यातला सर्वांत लहान अंमळ दोन अंशांचा होता आणि सर्वांत मोठा एकोणीस अंशांचा.

"यातला खरा अंमळ कुठला?" मॅडमनी विचारलं.

"सगळेच खरे," अंमळराव म्हणाले, आणि हे त्या चाळीस दिवसांतलं त्यांचं एकमेव प्रामाणिक वाक्य असावं. "प्रत्येक नळाचा अंमळ वेगळा असतो, मॅडम."

"तेच तर आपल्याला दूर करायचंय!" मॅडम आनंदाने म्हणाल्या.

एक समिती बसली आणि सरासरी काढण्यात आली. एक प्रमाणित अंमळ म्हणजे सात पूर्णांक तीन अंश. त्याच ओघात 'किंचित' म्हणजे अर्धा अंमळ आणि 'कणभर' म्हणजे पाव अंमळ असंही ठरलं, कारण समितीचा चहा अजून संपायचा होता. तक्ता छापून शेडमध्ये लागला. कँटीनमध्ये कुणी "चहात अंमळ साखर घाल" म्हणालं की कँटीनवाला हात जोडून सांगायचा, "साखरेचा अंमळ अजून मंजूर होऊन आलेला नाही."

अशा रीतीने अंमळरावांच्या अंगात जे काही खरं होतं त्याची सरासरी निघाली, आणि जे खोटं होतं ते जसंच्या तसं जतन झालं.

पुढच्या महिन्यात सतरा टप्प्यांची कार्यपद्धती लागू झाली. टप्पा चार, नळ हुंगणे, अडीच सेकंद. टप्पा सात, डोळे मिटणे. टप्पा नऊ, खुंटी मांडीवर आपटणे, तीनदा. टप्पा अकरा, खुंटी एक प्रमाणित अंमळ फिरवणे. टप्पा सतरा, उसासा. प्रत्येक बाकावर एक पडदा आणि एक कॅमेरा बसला. नवीन कामगार पडद्यात बघून करायचे, कॅमेरा त्यांच्याकडे बघायचा आणि त्यांचं 'नमुना कामगारा'शी, म्हणजे व्हिडिओतल्या अंमळरावांशी, साम्य किती ते टक्क्यांत दाखवायचा. सकाळी शेडमध्ये शिरलं की वीस माणसं एका वेळी डोळे मिटून नळ हुंगताना दिसत. पाहुणे यायचे, भारावून जायचे, फोटो काढायचे. अंमळराव शेवटच्या बाकावर बसून हे बघायचे. पहिले आठ दिवस त्यांना हसू आलं, नंतर ते आटलं.

कारण नळ गळायला लागले. टाकीत बुडवलेल्या दहा नळांतल्या चारांतून बुडबुडे यायचे. साहेबांनी तातडीची बैठक घेतली. साहेब म्हणजे कारखान्याचे व्यवस्थापक. वाईट गृहस्थ नव्हते, फक्त कागदावर असलेल्या गोष्टीच त्यांना दिसायच्या.

"कार्यपद्धतीचं पालन किती टक्के?" त्यांनी विचारलं.

"अठ्ठ्याण्णव," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे पद्धत बरोबर, माणसं बरोबर. मग चूक कुणाची?"

उरली टाकी. टाकीने सतरापैकी एकही टप्पा पार पाडलेला नव्हता. तिला 'अप्रमाणित साधन' ठरवून त्याच आठवड्यात शेडबाहेर हलवलं, आणि तिच्यात माती भरून शोभेची झाडं लावली. बुडबुडे त्या दिवसापासून पूर्ण थांबले. अंमळरावांनी आपल्यापुरती एक बादली बाकाखाली ठेवली होती, तर त्यांना 'विनापरवाना बादली बाळगल्याबद्दल' खुलासा मागणारं पत्र मिळालं.

मग आली परीक्षा. सर्व कामगारांचं कौशल्य प्रणाली तपासणार. साठ टक्क्यांच्या वर साम्य असेल त्याचा बाक त्याच्याकडे राहील. तीन प्रयत्नांत जमलं नाही त्याची बदली पॅकिंगला, खोक्यांना पट्ट्या लावायला. अंमळराव निर्धास्त होते. नमुना कामगाराची परीक्षा म्हणजे आरशासमोर उभं राहून स्वतःला ओळखण्यासारखं.

त्यांनी खुंटी उचलली, पेस्ट लावली, फिरवली, थांबले, पुसली, नळ बाजूला ठेवला. कामात लागलं की त्यांना बाकीचं सुचायचंच नाही. पडद्यावर आकडा आला. एकतीस टक्के.

"मॅडम, यात काहीतरी गडबड आहे. नमुना कामगार म्हणजे मीच की!"

"प्रणालीला ते माहीत आहे," मॅडम हळुवारपणे म्हणाल्या. "म्हणून तर तुमचा निकाल जास्त काळजीचा आहे. इतरांनी तुमच्यासारखं केलं नाही तर समजू शकतं. तुम्हीच तुमच्यासारखं करत नाही आहात."

"पण नळ बघा ना! गळतोय का नळ?"

"नळ हा या परीक्षेचा विषय नाही."

परीक्षेत पहिला आला तो पॅकिंगमधला नाटक्या. सुट्टीच्या दिवशी हौशी नाटकांतून कामं करायचा, म्हणून हे नाव. त्याने जन्मात एकही खुंटी घासलेली नव्हती. पण त्याने नळ असा हुंगला, डोळे असे मिटले आणि शेवटी असा उसासा टाकला की परीक्षक मंडळींतल्या एकाने रुमाल काढला. नव्व्याण्णव टक्के. त्याला पॅकिंगमधून उचलून 'कौशल्य प्रशिक्षक' करण्यात आलं.

दुसऱ्या प्रयत्नात अंमळरावांना चौतीस मिळाले. आता एकच प्रयत्न उरला. बाक जाणार, खिडकी जाणार, शेवटची तीन वर्षं खोक्यांना पट्ट्या लावण्यात जाणार, हे दिसायला लागलं तसा त्यांच्या मनाने कौल दिला की झालं तेवढं पुरे, आता खरं सांगून टाकावं. ते साहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, ते हुंगणं खोटं आहे. माझं नाक खाजलं होतं. पुढचं मी मोठेपणासाठी केलं. कान, डोळे, मांडी, उसासा, सगळं माझ्या पदरचं आहे. मला काय शिक्षा करायची ती करा, पण पोरांना ते करायला लावू नका."

साहेबांनी चष्मा काढला. उठून आले आणि अंमळरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

"विनय," ते म्हणाले. "प्रकल्पाच्या पुस्तिकेत, पान अकरावर, हेच लिहिलंय. अस्सल कारागिराला आपलं कसब कशात आहे ते कळत नाही. विचारलं तर तो म्हणतो, मी काहीच केलं नाही. मॅडमना सांगून हे तुमचं बोलणंही नोंदवून घेऊ आपण."

"साहेब, शप्पथ सांगतो, खोटं आहे!"

"असं बघा," साहेबांचा आवाज जरा खाली आला. "समजा, खोटं असेल. तर मग प्रकल्प खोटा, माझा अहवाल खोटा, प्रकल्पाला मिळालेला पुरस्कार खोटा, आणि वीस माणसं सकाळपासून विनाकारण नळ हुंगतायत. इतकं सगळं खोटं असण्यापेक्षा तुमचं नाक खाजलं नसण्याची शक्यता जास्त नाही का?"

हिशेब चोख होता. अंमळराव बाहेर आले.

पंधरा दिवसांचं पुनर्प्रशिक्षण नाटक्याकडे होतं. नाटक्या मनाने चांगला. त्याने अंमळरावांना वाकून नमस्कार केला, आणि मग शिकवायला बसला.

"मास्तर, तुम्ही हुंगता तेव्हा तुमचा विश्वास दिसत नाही. वास येतोय असं वाटलं पाहिजे."

"वास येतच नाही रे."

"मला तरी कुठे येतो? मी लहानपणच्या एखाद्या गोष्टीची आठवण काढतो. आणि उसासा पोटातून येऊ द्या. तुमचा गळ्यातच अडकतो."

"अरे, पण उसासा माझाच आहे ना!"

"असेल. पण येत नाहीये."

अंमळराव रोज घरी आरशासमोर उभे राहून स्वतःसारखं वागण्याचा सराव करायला लागले. स्वतःचाच जुना व्हिडिओ लावायचा आणि त्यातल्या त्या लबाड माणसाची नक्कल करायची. कुणाला शिव्या द्याव्यात तर कुणाला? सगळ्यांत हुशार शत्रू आरशातच उभा, तोही इस्त्रीच्या शर्टात. बायको दारातून बघायची. पहिल्या दिवशी ती हसली, दुसऱ्या दिवशी हसली, आठव्या दिवशी म्हणाली, "अहो, पुरे झालं. जाऊ दे तो बाक. खोकी तर खोकी."

"तीनच वर्षं आहेत गं. खिडकीशी बसू दे मला."

मग ती आत आली. शेजारी उभी राहून टप्पे मोजायला लागली.

तिसऱ्या प्रयत्नात चौऱ्याण्णव टक्के मिळाले. प्रमाणपत्र आलं, प्लॅस्टिकच्या वेष्टनात. 'प्रमाणित करण्यात येते की धारक हा स्वतःसारखे काम करण्यास पात्र आहे.' बाक राहिला, खिडकी राहिली. अंमळरावांनी ते प्रमाणपत्र खिडकीच्या चौकटीत उभं केलं आणि दोन महिने बिनबोभाट काम केलं. हुंगलं, मिटले, आपटली, सात पूर्णांक तीन अंश फिरवली, उसासा टाकला. कॅमेरा खूश होता.

आणि मग एका इस्पितळाने साठ नळ परत पाठवले. शस्त्रक्रियेआधी डॉक्टर जिथं हात धुतात तिथले. सगळे गळत होते. इस्पितळाला दुसऱ्या दिवशी सकाळी हवे होते, आणि नेमकी त्या दिवशी प्रणाली दुरुस्तीसाठी बंद. साहेब स्वतः बाकापाशी आले. इकडेतिकडे बघून वाकले.

"कॅमेरे बंद आहेत. कुणी बघत नाही. तुम्ही तुमच्या जुन्या पद्धतीने साठ नळ जमवून द्या. मी बादली आणवतो."

अंमळरावांचा जीव सुपाएवढा झाला. अखेर! जगात शेवटी पाण्यालाच न्याय असतो. त्यांनी बाह्या सरसावल्या, खुंटीला पेस्ट लावली आणि फिरवायला लागले. मागे, पुढे, मागे, पुढे. खुंटी हात कधी धरते याची ते वाट बघत होते. आता धरेल, आता धरेल. सात पूर्णांक तीन अंशांवर मनगट आपोआप थांबलं.

नळ बादलीत बुडवला. बुडबुडे आले.

त्यांनी दुसरा घेतला. सावकाश, जपून. मनगट पुन्हा तिथंच थांबलं. पुढे ढकललं तर हात परक्या माणसाचा असल्यासारखा नुसता फिरत राहिला. खुंटीने धरलं की नाही, काही कळेना. तिसरा. चौथा. सहाव्या नळाला त्यांनी डोळे मिटले. सातव्याला नाकाशी नेला आणि मनापासून, जीव तोडून हुंगला, की आता तरी काही बोल बाबा. पितळाला पितळाचा वास येत होता.

अंमळरावांना रडू कोसळलं. एकतीस वर्षं जे हातात होतं, ज्याची त्यांनी कधी विचारपूसही केली नव्हती, ते गेलं होतं, आणि ते कुणी चोरलं नव्हतं. यांनीच कौतुकासाठी ते काढून दिलं होतं. रडता रडता एक उसासा आला, तोही थेट पोटातून. नाटक्या असता तर पाठ थोपटली असती.

"साहेब, नाही जमत," ते म्हणाले. "गेलं."

"कुठे गेलं?"

"तुमच्याकडे जमा केलं ना."

साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. "मग काळजी नाही. सुरक्षित आहे."

इस्पितळाला नळांऐवजी एक पुस्तिका गेली. विचार सरळ होता. नळ बनवणारा सतराही टप्पे पाळतो, तर वापरणाऱ्याने निदान चार का पाळू नयेत? 'नळ बंद करताना प्रथम तो हुंगावा. डोळे मिटावेत. मांडीवर थाप मारावी, तीनदा. खुंटी एक प्रमाणित अंमळ फिरवावी. यानंतरही पाणी येत असल्यास टप्पे पुन्हा करावेत.' पुढे ही पुस्तिका प्रत्येक खोक्यात गेली, आणि तक्रारींसाठी एक मदत-क्रमांक सुरू झाला. त्यावर बोलायला अनुभवी, विश्वासू आवाज हवा होता. अंमळरावांच्या बाकावरून पेस्टचा डबा हलवला आणि तिथं टेलिफोन ठेवला. बाक तोच, खिडकी तीच. त्यांनी मागितलं होतं ते अक्षरशः सगळं मिळालं.

"आपण नळ हुंगलात का?" हा त्यांचा पहिला प्रश्न असायचा. तो तसाच विचारायचा असं कागदावर लिहिलं होतं. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, लोक शिव्या घालतील. घातल्या तर बरं, असंही वाटलं. कुणीतरी ओरडावं की अहो, नळ हा काय हुंगायचा पदार्थ आहे? ते त्या ओरडण्याची अगदी आतुरतेने वाट बघत बसले.

पहिल्या महिन्यात चारशे फोन आले. त्यात एकच बाई वेगळी निघाली. म्हातारा आवाज होता. "ते पुस्तक मी चुलीत घातलं," ती म्हणाली. "खुंटी काढली, राख लावली, आणि बसले फिरवत. बोटांना कळलं तेव्हा थांबले. आता थेंब नाही. एवढंच सांगायला फोन केला." अंमळरावांना तिला फोनमधूनच नमस्कार करावासा वाटला. मग समोरच्या कागदाप्रमाणे त्यांनी तिची नोंद 'अनधिकृत दुरुस्ती, हमी रद्द' अशी केली आणि तसं तिला कळवलं. ती म्हणाली, "बरं." लाज वाटली तरी त्यांनी ते केलं.

बाकीच्या तीनशे नव्व्याण्णवांनी शिव्या घातल्या नाहीत. "हुंगलात का?" म्हटल्यावर ते क्षणभर थांबले, आणि मग खजील होऊन म्हणाले की हो, हुंगला, पण कदाचित अडीच सेकंद भरले नसतील. काही जणांनी मांडी उजवी की डावी ते विचारलं. एकाने बायकोलाही हुंगायला लावलं. त्यातला एक फोन माझा होता, हे मी कबूल करतो. मी निदान नाव खोटं सांगितलं होतं. पण त्याच दुपारी, तीनच्या सुमाराला, एक सुशिक्षित, समंजस आवाज आला. "माझंच काहीतरी चुकत असणार, सॉरी हं," तो म्हणाला, आणि फोन ठेवण्याआधी सेवेला पाच तारे देऊन गेला. मागे मोरीत पाणी ठिबकत होतं, ते अंमळरावांना स्पष्ट ऐकू येत होतं. त्यांनी तुमचा आवाज लगेच ओळखला.